ओझोनचा आकडा बसत नाही? ओझोनेटर उघडण्याआधी हे तपासा

एप्रिल लागला की हा प्रश्न ठरलेला. इंदूरचा सांवेर रोड असो, पालदा असो की जवळचं पीथमपूर, जारचं पाणी भरणाऱ्या छोट्या प्लांटमधून तीच तक्रार येते. ओझोनेटरवर, म्हणजे पाण्यातले जंतू मारायला ओझोन वायू बनवणाऱ्या मशीनवर, तासाला १० ग्रॅम लिहिलंय, पाणी तासाला २,००० लिटर, म्हणजे लिटरला ५ मिलिग्रॅम ओझोन मिळायला हवा. पाण्यातला ओझोन मोजायचं किट मात्र ०.२ दाखवतं. सर्व्हिसवाला येतो, ओझोन तयार करणारी ट्यूब बदलतो, बिल लावतो. दिवाळीनंतर थंडी पडली की आकडा आपोआप वर चढतो आणि सगळ्यांना वाटतं, ट्यूबने काम केलं. पुढच्या एप्रिलला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

ट्यूब खरंच कधीकधी जाते, त्याबद्दल खाली लिहिलं आहे. पण ५ आणि ०.२ यांच्यामधलं अंतर बहुतेक वेळा बिघाडाचं नसतं. वेगवेगळ्या चार ठिकाणी मोजलेले आकडे एकाच एककात आहेत असं धरून चालल्यामुळे ते पडतं. म्हणून हातात पाना घेण्याआधी कॅल्क्युलेटर घ्या. खालचं सगळं गणित वरच्याच प्लांटवर केलं आहे: तासाला २ घनमीटर आरओचं पाणी, १० ग्रॅमचा ओझोनेटर, मिनिटाला ५ लिटर देणारा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, वाहत्या पाण्याच्या ओढीने वायू पाण्यात खेचणारी व्हेंच्युरी आणि मग ५०० लिटरची टाकी.

हा टक्का कशाचा?

पाण्याचा हिशेब सरळ आहे. एक लिटर पाणी म्हणजे जवळपास एक किलो, त्यामुळे पाण्यातला १ पीपीएम (दहा लाखात एक भाग) म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम, आणि तेच घनमीटरला १ ग्रॅम. तासाला १० ग्रॅम भागिले २ घनमीटर बरोबर ५, हे मालकाचं गणित चुकीचं नाही. फक्त ती पाण्यात सोडलेली मात्रा आहे. विरघळलेली किती आणि उरलेली किती, हे दोन प्रश्न अजून बाकी आहेत.

वायूमध्ये पीपीएम आकारमानावर मोजतात, वजनावर नाही. ओझोनचा रेणुभार ४८. शून्य अंश तापमानाला आणि १०१३ मिलिबार दाबाला कोणत्याही वायूचा एक मोल, म्हणजे रेणुभाराइतके ग्रॅम, २२.४ लिटर जागा व्यापतो, म्हणून शुद्ध ओझोन लिटरला २.१४ ग्रॅम भरतो. त्यावरून हवेतला १ पीपीएम म्हणजे घनमीटरला २.१४ मिलिग्रॅम. तापमान २५ अंश धरलं तर मोल २४.४५ लिटरचा होतो आणि हाच आकडा १.९६ वर येतो. पाण्यातला १ पीपीएम आणि हवेतला १ पीपीएम यांच्यात जवळजवळ पाचशेपट फरक आहे. हवेचा मीटर आणि पाण्याचा मीटर शेजारी टांगून दोघांचे आकडे एकाच वहीत, एकाच रकान्यात लिहिलेले मी पाहिले आहेत.

टक्क्यांचा घोळ याहून मोठा. कॅटलॉगमध्ये नुसतं '६ टक्के' लिहिलेलं असतं. तो वजनी टक्का असेल आणि खुराक, म्हणजे मशीनला दिलेला वायू, ऑक्सिजनचा असेल, तर नॉर्मल घनमीटरला (शून्य अंश आणि १०१३ मिलिबारला मोजलेल्या घनमीटरला) सुमारे ८७ ग्रॅम ओझोन. तोच टक्का आकारमानी असेल तर सुमारे १२९ ग्रॅम. फरक दीडपटीचा, कारण ओझोनचा रेणू ऑक्सिजनच्या रेणूपेक्षा बरोबर दीडपट जड: ४८ आणि ३२. झटपट हिशेबासाठी ऑक्सिजनवर चालणाऱ्या मशीनला १ वजनी टक्का म्हणजे १४.३ ग्रॅम धरा आणि हवेवर चालणाऱ्याला १२.९. टक्का वाढतो तसा हा गुणक किंचित वाढतो, पण प्लांटच्या कामाला एवढं पुरतं. विकणाऱ्याला विचारा, 'वजनी की आकारमानी?' उत्तर चटकन आलं नाही तर कोटेशनमधला टक्का खोडा आणि त्याच्याकडून ग्रॅम प्रति नॉर्मल घनमीटर लिहून घ्या.

इंदूरचा घनमीटर छोटा असतो

हे कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब १०१३ नसून ९५० मिलिबारच्या आसपास असतो. त्यात मे महिन्यात शेडखाली ३५ अंश म्हणजे सुखच म्हणायचं. या दाबाला आणि तापमानाला मोजलेल्या एक घनमीटर वायूत माल किती? २७३ भागिले ३०८, गुणिले ९५० भागिले १०१३. उत्तर ०.८३. म्हणजे आपला एक घनमीटर हा कागदावरचा ०.८३ नॉर्मल घनमीटर. बडोद्याला समुद्रसपाटी जवळ, तिथे दाबाची ही वजावट जवळपास नाही, फक्त तापमानाची राहते. त्यामुळे तिकडे तपासून आलेलं मशीन इथे 'कमी' दिसणारच.

ओझोनेटर प्रत्यक्ष किती देतो हे पाहायचं तर आयोडाइडची जुनी रीत अजूनही भरवशाची. ओझोनेटरमधून निघालेला वायू मोजून २ टक्के पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून बुडबुडे काढत सोडायचा, मग सल्फ्युरिक आम्ल घालायचं आणि सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करायचं, म्हणजे ब्युरेट या खुणांच्या नळीतून ते रंग जाईपर्यंत थेंबथेंब सोडायचं; शेवट नीट दिसावा म्हणून अखेरीला स्टार्च घालायचा. ब्युरेटचे मिलिलिटर गुणिले थायोची नॉर्मॅलिटी (तीव्रता) गुणिले २४, एवढे मिलिग्रॅम ओझोन. समजा २ लिटर वायू सोडला आणि ०.१ नॉर्मल थायो २४ मिलिलिटर लागलं. २४ × ०.१ × २४ म्हणजे ५७.६ मिलिग्रॅम, २ लिटरने भागलं की लिटरला २८.८ मिलिग्रॅम, म्हणजेच घनमीटरला २८.८ ग्रॅम.

मशीनच्या सर्टिफिकेटवर नॉर्मल घनमीटरला ३५ ग्रॅम लिहिलेलं आहे. मशीन पडलं? २८.८ ला ०.८३ ने भागा, ३४.७ येतात. मशीन उत्तम चाललंय. हाच वायू वजनी टक्क्यांत २.४, आकारमानी टक्क्यांत १.६, आणि पीपीएममध्ये सुमारे १६,२००. चारही आकडे खरे आणि चारही एकाच नळीतले.

इथे एक खड्डा आहे, चांगले इंजिनिअरही त्यात पडतात. ग्रॅम प्रति तास काढताना ३४.७ ला रोटामीटरच्या (वायूचा प्रवाह दाखवणाऱ्या काचेच्या नळीच्या) तासाला ०.३ घनमीटरने, म्हणजे मिनिटाच्या ५ लिटरने, गुणतात आणि १०.४ ग्रॅम आले म्हणून खूश होतात. पण ३४.७ हा नॉर्मल घनमीटरचा आकडा आणि ०.३ हा प्रत्यक्ष घनमीटरचा. दोन्ही प्रत्यक्ष घ्या, २८.८ × ०.३, किंवा दोन्ही नॉर्मल घ्या, ३४.७ × ०.२५. दोन्हीकडून उत्तर ८.६ च्या आसपास येतं. म्हणजे वायूची तीव्रता सर्टिफिकेटप्रमाणे आहे, पण तासाचे ग्रॅम १० नाहीत, ८.६ आहेत. पाण्यातली मात्रा ५ ची ४.३ झाली, आणि कुठेही बिघाड नाही.

रोटामीटर कुठे बसवलाय तेही बघा. व्हेंच्युरीच्या ओढीत, ओझोनेटरच्या पुढे लावलेला रोटामीटर निर्वातात वाचतो. त्याच्या काचेवरचे आकडे वातावरणाच्या दाबासाठी कोरलेले असतात. शिवाय तो हवेसाठी कोरलेला असेल तर ऑक्सिजनला आकडा ५ टक्क्यांनी कमी धरायचा.

सोडला किती आणि विरघळला किती

ओझोन पाण्यात किती जाईल हे दोन गोष्टींवर ठरतं: वायूतली तीव्रता आणि पाण्याचं तापमान. गार सोड्यात गॅस टिकतो आणि कोमट सोडा फसफसून जातो, तसंच हे आहे. पाण्यातल्या ओझोनचं वायूतल्या ओझोनशी समतोलाचं गुणोत्तर १० अंशाला ०.३९, १५ अंशाला ०.३१, २० ला ०.२४, ३० ला ०.१५ आणि ३५ ला ०.१२. याचा अर्थ, घनमीटरला २८.८ ग्रॅमचा वायू ३० अंशाच्या पाण्यात कितीही वेळ सोडत राहिलात तरी लिटरला ४.३ मिलिग्रॅमच्या वर जाणार नाही. व्हेंच्युरीत तर वायू एकदाच भेटतो आणि विरघळता विरघळता स्वतःही पातळ होत जातो.

आपल्या प्लांटचं गणित असं. वायू तासाला ०.३ घनमीटर, पाणी २ घनमीटर. वायूबरोबर निसटणारा हिस्सा = ०.३ ÷ (०.३ + २ × गुणोत्तर). पाणी ३० अंशाला असेल तर ०.३ ÷ ०.६, म्हणजे निम्मा ओझोन टाकीच्या व्हेंटमधून वर. पाण्यात उतरले २.१५ मिलिग्रॅम. वायू तोच धरून पाणी १५ अंशाला घेतलं तर निसटणारा हिस्सा एक तृतीयांशावर येतो आणि पाण्यात २.९ उतरतात. पाइपमध्ये दाब असेल तर दोन्ही ऋतूंत थोडं जास्त उतरेल, पण उन्हाळा आणि हिवाळा यांच्यातलं अंतर राहणारच.

'भाऊ, थंडीत बरोबर चालतं, गर्मीत चालत नाही, मग मशीनच खराब ना?' असं एका प्लांटच्या मालकाने विचारलं. त्याला म्हटलं, दादा, आधी पाण्यात थर्मामीटर घाला. गच्चीवरच्या काळ्या टाकीतून आलेलं पाणी दुपारी हाताला गरम लागत होतं. टाकीवर शेड घालणं हा ओझोनचाच इलाज आहे, आणि ट्यूबपेक्षा स्वस्त.

दुसरा इलाज उलटा वाटेल: ऑक्सिजनचा प्रवाह कमी करा. आकडा पडला की लोक रोटामीटरचा नॉब उघडतात. त्याने वायू पातळ होतो आणि आणखी वाया जातो. तेच ८.६ ग्रॅम मिनिटाला ५ ऐवजी २.५ लिटरमध्ये आले तर वायू घनमीटरला ५७.६ ग्रॅमचा होतो, आणि ३० अंशाच्या पाण्यातही सुमारे २.९ मिलिग्रॅम उतरतात, म्हणजे थंडीइतकेच. व्यवहारात प्रवाह निम्मा केला की ओझोनेटरचे ग्रॅमही थोडे घटतात, त्यामुळे सगळा फायदा पदरात पडत नाही. पण बराच पडतो, आणि खर्च शून्य.

जेवणाच्या सुट्टीनंतरचे जार

विरघळलेला ओझोन टाकीत बसून राहत नाही, त्याचा ऑक्सिजन होतो. पीएच ७ च्या साध्या पाण्यात तो निम्मा व्हायला १५ अंशाला साधारण ३० मिनिटं लागतात, २० ला २० मिनिटं, ३० ला १२ आणि ३५ ला ८. आरओचं पाणी स्वच्छ आणि किंचित आम्लधर्मी असतं, तिथे तो याहून जास्त टिकतो. बोअरच्या कच्च्या पाण्यात लोह किंवा सेंद्रिय घाण असेल तर फार लवकर संपतो. आपल्या पाण्याचा आकडा काढणं अवघड नाही. भरणं थांबवा, ओझोनेटर बंद करा आणि टाकीतून दर पाच मिनिटांनी किट लावा.

वरच्या पाठ्यपुस्तकी आकड्यांनीच बघू. ५०० लिटरची टाकी, तासाला २,००० लिटर, म्हणजे पाणी सरासरी १५ मिनिटं थांबतं. ३० अंशाला २.१५ चे ०.९ राहतात, १५ अंशाला २.९ चे २ राहतात. आता पाऊण तास जेवायची सुट्टी घ्या. उन्हाळ्यात ०.९ चे ०.०७ होतात, थंडीत २ चे ०.७. किटवर दिसलेला तो ०.२ असाच कुठेतरी, दोन वाजता घेतलेल्या नमुन्यातला असतो. त्यामुळे वहीत आकड्याशेजारी वेळ आणि पाण्याचं तापमान नसेल तर त्या आकड्यावरून काहीच ठरवू नका. सुट्टीनंतर टाकीचं पाणी आधी फेरपंपाने ओझोनखालून फिरवा, मगच जार लावा.

थंडीतला २ हा आकडाही मिरवण्यासारखा नाही. बाटलीबंद पाण्यात भरताना लिटरला ०.४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त ओझोन नको, अशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मर्यादा आहे, आणि ०.२ ते ०.४ हा पट्टा कामाला योग्य आहे. जानेवारीत जारला वास येतो म्हणून ग्राहक ओरडतात ते यामुळेच. पाण्यात ब्रोमाइड हा क्षार असेल तर जादा ओझोनने ब्रोमेट हे अपायकारक द्रव्य तयार होतं. जागतिक आरोग्य संघटनेची त्यावरची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. आरओ ब्रोमाइड बराचसा अडवतो, पण चव राखायला कच्चं पाणी परत मिसळण्याची पद्धत ज्या प्लांटमध्ये आहे तिथे हे लक्षात ठेवा.

किट काय वाचतंय

गुलाबी होणारं डीपीडी किट ओझोन ओळखत नाही, ऑक्सिडंट (ऑक्सिडीकरण करणारं कोणतंही द्रव्य) ओळखतं. क्लोरिनही त्याला तेवढाच चालतो. क्लोरिनची रंगपट्टी वापरून ओझोन मोजत असाल तर वाचलेला आकडा ०.६८ ने गुणा (४८ भागिले ७१). पट्टीवर ०.४ म्हणजे ओझोन ०.२७. नर्मदेचं पाणी नळाला क्लोरिन घालूनच येतं. कार्बन फिल्टर दमला असेल तर किटवर दिसणारा रंग ओझोनचा नसेलही. खात्री करायला ओझोनेटर बंद ठेवून टाकी एकदा पूर्ण उपसा, मग नमुना घ्या. तरीही गुलाबी झाला तर ट्यूब नव्हे, कार्बन बदला.

क्लोरिनचा संशय असेल तिथे निळं इंडिगो किट घ्या. ओझोन त्याचा रंग उडवतो आणि किती उडाला त्यावरून आकडा निघतो. बाडर आणि होइग्ने यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही रीत आज प्रमाण मानली जाते. नमुना नळाला नळी लावून बाटलीच्या तळाशी हळू भरा. वरून धार सोडली तर मोजण्याआधीच निम्मं उडून जातं. ओआरपी मीटरचे (पाण्याची ऑक्सिडीकरणाची ताकद दाखवणाऱ्या मीटरचे) मिलिव्होल्ट घेऊन त्यांचे मिलिग्रॅम करायला जाऊ नका, तसा ठरावीक गुणक नाही.

हिशेब जुळूनही कमी पडत असेल

आता मशीनकडे वळा. आयोडाइडने घेतलेला आकडा ०.८३ ची दुरुस्ती करूनही सर्टिफिकेटच्या बराच खाली असेल, तर पहिला संशय खुराकावर. कॉन्सन्ट्रेटरमधला झिओलाइट (हवेतला नायट्रोजन शोषणारे दाणे) ओल धरून बसला की ऑक्सिजनची शुद्धता घसरते. हवेवर चालणाऱ्या मशीनमध्ये ओल शोषणारं सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालं असेल तर पावसाळ्यात ओझोन निम्म्यावर येतो आणि नळ्यांत नायट्रिक आम्ल साचतं, तेच पुढे ट्यूब खातं. म्हणजे ट्यूब बदलून जेल तसंच ठेवलं तर तीन महिन्यांत पुन्हा फोन करावा लागेल. मग ट्यूबचं थंड करणारं पाणी किंवा पंखा, आणि सगळ्यात शेवटी ट्यूब.

हवेचा अलार्म

पाण्यात न उतरलेला निम्मा ओझोन, आपल्या उदाहरणात तासाला ४.३ ग्रॅम, कुठे जातो हे प्लांटमध्ये कोणी विचारत नाही. उरलेला ओझोन नष्ट करणारा डेस्ट्रक्टर नसेल तर तो शेडमध्ये जातो.

कामाच्या जागेची मर्यादा आठ तासांसाठी ०.१ पीपीएम. घनमीटरला मिलिग्रॅममध्ये हे साधारण ०.२, इंदुरात ३० अंशाला १ पीपीएम १.८१ मिलिग्रॅमचा, म्हणून ०.१८. दुसरीकडे बाहेरच्या हवेसाठी २००९ च्या राष्ट्रीय मानकात आठ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.१ मिलिग्रॅम. दोन्हीकडे ०.१ दिसतो म्हणून लोक ते एकच समजतात. एक पीपीएम आहे आणि दुसरा मिलिग्रॅम, आणि दुसरा जवळपास दुपटीने कडक. अलार्म सेट करण्याआधी मीटरच्या पडद्याच्या कोपऱ्यातलं एकक वाचा.

गळती किती पुरते बघा. ५ × ४ × ३ मीटरची खोली, ६० घनमीटर. दहा ग्रॅमपैकी फक्त १ टक्का गळला तर तासाला १०० मिलिग्रॅम. खोली बंद असेल आणि भिंतींनी काहीच खाल्लं नाही असं धरलं तर तासाभरात घनमीटरला १.७ मिलिग्रॅम, म्हणजे ०.९ पीपीएम. पंख्याने तासाला सहा वेळा हवा बदलली तरी ०.२८ मिलिग्रॅमवर स्थिरावतो, ०.१५ पीपीएम. अजून मर्यादेच्या वरच. म्हणून एक्झॉस्ट हा डेस्ट्रक्टरला पर्याय नाही. आणि नाकावर विसंबू नका, वास ०.०५ पीपीएमच्याही खाली येतो खरा, पण थोड्या वेळात नाक सरावतं. दिवसभर आत असलेल्या पोऱ्याला वास येत नाही आणि बाहेरून आलेल्या टेम्पोवाल्याला दारातच येतो.

हेच गणित घरातल्या 'ओझोन एअर प्युरिफायर'ला लावून बघा. ४०० मिलिग्रॅम प्रति तासाचं यंत्र, ३० घनमीटरची बंद खोली, एक तास: कागदावर ७ पीपीएम. पडदे, गाद्या, भिंती यातलं बरंच खातात, पण ५ पीपीएम ही जिवाला तात्काळ धोक्याची पातळी मानली जाते. खोलीत माणूस, मांजर किंवा पिंजऱ्यातला पोपट असताना ते चालवू नका. यंत्र बंद केल्यावर खिडक्या उघडून मीटर ०.०५ पीपीएमच्या खाली आला की मगच आत जा.